पांढरीची माती

सकाळी सहाला निलंग्याच्या बसस्टँडसमोर भाताचे गाडे लागलेले असतात. पातेल्यात पिवळाजर्द, तिखटजाळ भात. हाताला चटका देणारी प्लेट घ्यायची आणि उभ्यानंच संपवायची. आता पुण्यातसुद्धा ‘निलंगा राईस’ अशी पाटी दिसते. कुणाच्या गावाला किल्ल्यामुळं ओळख मिळते, कुणाच्या गावाला देवामुळं. आमच्या गावाला ती भातानं दिली, याचं गुरुजींना वाईट वाटतं. मला नाही वाटत.

गुरुजी म्हणजे आमचे शाळेतले इतिहासाचे शिक्षक. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी दर सुट्टीत कुणाला तरी पकडून कुठं तरी घेऊन जातात. यंदा पाळी माझी आली. सोबत माझा भाचा होता, लातूरला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. आणि बोलेरो चालवायला आमचा नेहमीचा ड्रायव्हर. चाळिशीच्या आतबाहेरचा, बोलायला कमी.

‘‘कुठं जायलालाव, गुरुजी?’’ गाडेवाल्यानं विचारलं.

‘‘तेरणा उलटी बघायला.’’

गाडेवाल्याला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. तेरणा धाराशिव जिल्ह्यातून निघते आणि आमच्या तालुक्याच्या टोकाला, औराद शहाजानीच्या पुढं मांजरेला मिळते. मांजरा तिथून बीदरकडं वळते, तेलंगणात शिरते आणि शेवटी गोदावरीला जाते. म्हणजे आम्ही नदीच्या पायथ्याशी, आणि तिच्या वरच्या अंगाला तेर. दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर नगर ते हेच. औरादजवळ तगरखेडा नावाचं गाव आहे. ते नाव निघालं की गुरुजी तगरचा धागा तिथपर्यंत ओढायला निघतात आणि मी त्यांना अडवतो. नावावरून नाती लावायची म्हटलं तर मराठवाड्यात लंकासुद्धा सापडेल.

निघण्याआधी गावातलं नीळकंठेश्वराचं देऊळ. रोजच्या पायाखालचं म्हणून आम्ही ते बघत नाही. काळ्या दगडाचं, तीन गाभाऱ्यांचं. आतली हरगौरीची मूर्ती अभ्यासकांना ठाऊक आहे आणि निलंगेकरांना ती असल्याचं ठाऊक आहे. पाटीवर ‘हेमाडपंती’ लिहिलं की आपलं काम संपतं. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं दिसलं की आपण ते त्याच्या नावावर टाकतो. मग ते त्याच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीचं असलं तरी.

लामजन्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं सोयाबीन काढून झालेलं, ढिगांवर मेणकापड. खरोसा या रस्त्यापासून जवळच. एका बुटक्या टेकडीवर रेणुकेचं मंदिर आणि त्याच टेकडीच्या पोटात लेणी. साधारण सहाव्या शतकातली मानतात. बुद्ध आहे, शिव आहे, नरसिंह आहे, कैलास हलवणारा रावण आहे. १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस निजामाच्या मुलखात फिरला आणि या लेण्यांची नोंद ‘करूसा’ या नावानं करून गेला. त्याचा अहवाल १८७८ चा. त्यानंतर इथं येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट आधी दिसते, ती म्हणजे झीज.

कारण दगड. वेरूळ, अजिंठा काळ्या पाषाणात आहेत. खरोसा जांभ्यात. आपल्याकडं जांभा म्हटलं की रत्नागिरी आठवते, पण बीदरचं सगळं पठार जांभ्याचं आहे आणि त्याचा एक तुकडा इथवर आलाय. जांभा कापायला सोपा, टिकवायला अवघड. मूर्तीचं नाक-डोळे गेलेत, हातांचे आकार राहिलेत. खांबावर बोट फिरवलं तर तांबडी भुकटी बोटाला लागते. भाच्यानं ती पँटला पुसली. गुरुजी ओरडले, ‘‘अरे, सहावं शतक पुसतोस!’’

मला मात्र ते शिल्प तसंच बरं वाटलं. रावणाला चेहरा नाही, पण खांद्यात जोर आहे. कोरणाऱ्याला माहीत असणार की हा दगड राहायचा नाही. तरी त्यानं खांदा नीट काढला.

औशाचा किल्ला दिसत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, किल्ल्याचा गुण म्हणून सांगतो. आपल्या मनातला किल्ला डोंगरावर असतो. सह्याद्रीनं ती सवय लावली. औशाचा किल्ला खोलगटात बसलाय, चहूबाजूंनी जमीन चढत गेलेली. गावातून चालत जाताना भिंत एकदम अंगावर येते. लांबून येणाऱ्या शत्रूला किल्ला दिसायचा नाही, आणि आतल्या उंच बुरुजावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मात्र शत्रूची धूळ कोसांवरून दिसायची. भोवती रुंद खंदक आणि दुहेरी तटबंदी. आत जाणारा रस्ता इतका वळणावळणाचा की हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही.

बांधणी बहामनी काळातली. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं आणि मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली. त्या धावपळीच्या वर्षांत औसा त्याच्या हातात होतं. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये विकला गेलेला हा माणूस पाण्याच्या कामात किती तरबेज होता, हे औरंगाबादच्या नहरींवरून सगळ्यांना माहीत आहे. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर दोन्ही घेतले. पुढं ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. इतिहासात ती उदगीरची लढाई म्हणून आहे, पण उदगीरहून निघालेली निजामाची फौज मराठ्यांनी गाठली ती याच औसा-उदगीरच्या टापूत. विजयाचे नगारे वाजत असतानाच दत्ताजी शिंदे बुराडीला पडल्याची बातमी आली आणि मार्चमध्ये भाऊ उत्तरेकडं निघाले. पानिपताच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आमच्या काळ्या मातीतलं. गुरुजी हे वाक्य दरवर्षी वर्गात म्हणायचे. औशाच्या बुरुजावरही म्हणाले.

पण किल्ल्यात बघायचं ते जमिनीखाली. आत एक मोठा हौद आहे आणि त्याच्या तळाखाली महाल. हौदाचा तळ म्हणजे महालाचं छत. गॅझेटियरमध्ये त्याची मापं ७६ फूट लांब, ५० फूट रुंद अशी आहेत. कमानींवर सगळं पाणी तोललेलं. भाचा खाली उतरला आणि पहिल्यांदाच मोबाईल खिशात टाकून गप्प उभा राहिला. मग भिंतीला हात लावून म्हणाला, ‘‘मामा, गळती नाही. आमच्या हॉस्टेलच्या टाकीला तीन वेळा वॉटरप्रूफिंग केलं.’’

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. तिला ‘जलदूत’ नाव दिलं आणि आम्ही स्टेशनवर जाऊन तिचे फोटो काढले. त्या शहरापासून वीस किलोमीटरवर ही इमारत उभी होती. यावर जास्त बोलत नाही, तिथंही बोललो नव्हतो.

औशाहून मुरूड, ढोकी करत तेरला पोचायला दुपार झाली. सकाळपासून आम्ही एका गोष्टीची वाट बघत होतो आणि ती आली. तेरमध्ये शिरताना रस्त्याच्या कडेला उंचवटा दिसला. त्याची माती राखट, फिकी, शेजारच्या शेतापेक्षा वेगळीच. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि म्हणाला, ‘‘पांढर हाय बगा.’’

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडं गावाची जमीन दोन रंगांची. काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतात, चुली पेटवतात, शेण सारवतात, घरं पडतात, त्यावर नवी उठतात. राख, चुना, शेण आणि भिंतींची माती मिसळून जमिनीचा रंगच बदलतो. पुरातत्त्वाचे लोक ज्याला पांढरीचं टेकाड म्हणून नकाशावर गोल करतात, त्याला शेतकरी नुसतं ‘पांढर’ म्हणतो. नांगराला खापरी लागली की तो ओळखतो.

तेर म्हणजे अशीच एक अवाढव्य पांढर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत तगरचं नाव आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला यायची. पुढं ती रोमच्या बाजारात. हे तगर नेमकं कुठं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बरेच तर्क लढवले. १९०१ मध्ये फ्लीटनं सांगितलं की ते तेर. त्यानंतर लगेच हेन्री कझिन्स इथं आला आणि त्यानं देवळांची मापं घेतली.

त्रिविक्रमाचं देऊळ आधी बाहेरून मागच्या बाजूनं बघावं. मागची भिंत गोल वळते, हत्तीच्या पाठीसारखी. बौद्ध चैत्याचा हा आकार. कार्ले-भाजे इथं तो डोंगरात कोरलेला बघतो, इथं तो विटांत उभा आहे. उघड्यावर बांधलेला असा जुना चैत्याकार भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. आंध्रातलं चेझर्ला हे दुसरं नाव पटकन आठवतं. आत आता वामनाचा त्रिविक्रम आहे, पाऊल वर उचललेला. बुद्धाचं घर विष्णूनं घेतलं की ते पहिल्यापासून विष्णूचंच होतं, यावर वाद आहेत. पुजाऱ्याला वाद माहीत नाही. त्यानं प्रसाद दिला.

आणि विटा. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. ऐकायला थाप वाटते. मीही लहानपणी थापच समजत होतो. वीट सच्छिद्र आहे, स्पंजासारखी. मातीत कोंडा, भुसा कालवून भाजली की तो जळून जातो आणि त्याच्या जागी हवा राहते. भाच्यानं एका पडलेल्या तुकड्याचं हातावर वजन केलं. ‘‘सिपोरेक्स,’’ म्हणाला. आजकाल बांधकामावर जे हलके ब्लॉक वापरतात ते. ‘‘वर हलकं बांधलं की खालच्या भिंतीवर ताण कमी. हिसका बसला तरी.’’

‘हिसका’ म्हणताना त्याची नजर ड्रायव्हरकडं गेली आणि त्यानं वाक्य तिथंच सोडलं. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

तेरच्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यात पांढर वाहून गेली की मणी, खापऱ्या, मातीची चित्रं उघडी पडतात. घराच्या पायाला खणलं तरी निघतात. गावकऱ्यांच्या हातून इकडं-तिकडं झालेल्या अशा वस्तू या माणसानं आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढं सरकारच्या हवाली केल्या. पदवी, खातं, अनुदान यातलं काही नसताना. कपाटांत शंखाच्या बांगड्या आहेत, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेले मातीचे ठसे आहेत, पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या नाजूक बाहुल्या आहेत.

तिथल्या हस्तिदंती स्त्रीची कीर्ती मोठी. बोटांत मावेल एवढी मूर्ती, पण दागिन्यांची घडण स्पष्ट. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेतून अशीच एक हस्तिदंती बाई निघाली. व्हेसुव्हियस फुटला तो इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधी भारतातून तिथं पोचली होती. भोकरदनलाही तिची बहीण सापडली. पॉम्पेईची मूर्ती नेमक्या कुठल्या गावच्या कारागिराची, याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. तेरच्या माणसाला विचारलं तर त्याच्या मनात शंका नाही.

एका कपाटात साधे मणी होते. काचेचे, अकीकाचे, काही नुसत्या भाजक्या मातीचे. मी त्यांच्यापुढं नको इतका वेळ थांबलो. गुरुजी म्हणाले, ‘‘काय?’’

सांगितलं. आमचं घर माळवदाचं होतं. आठ खणांचं, अडीच फुटी दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि पाला, त्यावर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, वडील बैलगाडीनं गावच्या गढीची पांढरी माती आणायचे आणि माळवदावर नवा थर द्यायचे. काळी माती उन्हानं भेगाळते आणि गळते. पांढरी दाबली की दडपून बसते, पाणी आत जाऊ देत नाही. त्यासाठी तीच हवी. मी मागं बसून ढेकळं फोडायचो. त्यात एकदा असाच तांबडा मणी निघाला. आईनं तो वासराच्या गळ्यात बांधला.

‘‘म्हणजे तुम्ही इतिहास डोक्यावर घेऊन झोपत होता,’’ गुरुजी हसले.

संत गोरोबांची समाधी तेरणेच्या काठावर, काळेश्वराच्या देवळाजवळ. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यातला हा कुंभार. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कुणाचं मडकं कच्चं, ते सांगणारा. नामदेवांना कच्चं ठरवण्याची हिंमत दुसऱ्या कुणी केली असती असं वाटत नाही. दोन हजार वर्षांच्या खापऱ्यांवर वसलेल्या गावाला संत मिळाला तोही कुंभार, यात योगायोग कमी आणि रोजीरोटी जास्त. पुलावरून तेरणा बघितली. डबक्याडबक्यांत उभी होती, कडेला दोन म्हशी. मलमल लादलेल्या गाड्या इथूनच उतरल्या असतील का, ते म्हशींकडं बघून कळत नव्हतं.

परतीला नदीच्या अंगानं आलो. उजनीला बासुंदीसाठी थांबणं हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. ही उजनी औसा तालुक्यातली, धरणाची नव्हे. द्रोणातली बासुंदी खाऊन निघालो तेव्हा ऊन कललं होतं. खालच्या अंगाला माकणीचं निम्न तेरणा धरण. त्याच्या पाण्याचा किल्लारीच्या भूकंपाशी संबंध होता का, यावर १९९३ नंतर शास्त्रज्ञ बरेच भांडले.

किल्लारीत जायचं आधी ठरलं नव्हतं. लामजन्याच्या पाटीकडं वळायच्या ऐवजी ड्रायव्हरनंच गाडी जुन्या गावाकडं घातली. ‘‘आलावच तर बगून जाऊ,’’ एवढंच म्हणाला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या मानानं फार मोठा भूकंप नव्हता. अशा धक्क्यात जपानात गावंच्या गावं आडवी होत नाहीत. इथं आठ ते दहा हजार माणसं गेली.

का, ते भाच्यानं त्याच्या पुस्तकी भाषेत सांगितलं, पण बरोबर सांगितलं. गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे भर. दोन्हींना बांधून ठेवणारा आडवा दगड नाही. आणि वर माती. दरवर्षी एक थर, जुना न काढता. दीड फूट, दोन फूट, काही घरांवर त्याहून जास्त. जितकं वजन वर, तितका हिसका मोठा. भिंतीचे थर फुगून सुटले आणि माळवदं जशीच्या तशी खाली बसली. बरेच जण दगडानं नाही, मातीनं गुदमरून गेले.

‘‘पांढऱ्या मातीनं,’’ ड्रायव्हर म्हणाला. दिवसभरात तो आपणहून बोललेलं हे तिसरं वाक्य असेल.

जुनं किल्लारी आता स्मृतिस्तंभ आणि त्याच्या मागं पसरलेलं रान. दर ३० सप्टेंबरला इथं मानवंदना होते. बाकीचं वर्ष वेड्या बाभळी असतात. बाभळींच्या खाली जमीन उंचसखल आहे. जवळ गेलं की कळतं, ती जमीन नाही, घरं आहेत. एका उंचवट्यातून जात्याची पाळ वर आलेली. शेजारी निळ्या इनॅमलच्या ताटाची कड. माती राखट, फिकी. दुपारी तेरच्या रस्त्याला दिसली होती तीच.

गुरुजी बराच वेळ त्या जात्याजवळ उभे राहिले. वर्गात ते थरांचा धडा शिकवायचे. सर्वांत वरचा थर सर्वांत अलीकडचा. त्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही.

ड्रायव्हरचं गाव किल्लारी नव्हे, पण पूर्णपणे दुसरीकडं वसवलेल्या बावन्न गावांपैकी एक. तो तेव्हा सात वर्षांचा होता. बाप आणि धाकटी बहीण गेली. आई वाचली, कारण त्या रात्री उकडत होतं म्हणून ती याला घेऊन अंगणात बाजेवर झोपली होती. हे त्यानं गाडी चालवताना, रस्त्यावर नजर ठेवून सांगितलं. मी त्याच्या गाडीत चार वर्षं फिरतोय. मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

वाटेतच त्याचं नवं गाव होतं. चहाला नेल्याशिवाय सोडलं नाही. आखीव रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, रस्त्यांना मापं असलेलं गाव. लोकांनी पुढं पत्रे टाकून, ओटे वाढवून त्याला आपल्यासारखं करून घेतलंय. भाच्यानं सवयीनं स्लॅबकडं बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

‘‘घर मजबूत हाय,’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘पण उन्हाळ्यात भट्टी होती. माळवदाखाली कसं, गार असायचं.’’

त्याची आई चहा घेऊन आली. ‘‘बसा की ओ, उभारून काय,’’ म्हणाली. ओसरीत जागा नव्हती, कारण मधोमध बाज टाकलेली होती, वर वाकळ, उशी, उशाला बॅटरी आणि पाण्याचा तांब्या. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूनं खताच्या पोत्यांचे पडदे शिवून लावलेले. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि घरात रंग देऊन झाला होता.

‘‘आता आत टाक की ती,’’ लेक म्हणाला.

‘‘टाकते,’’ ती म्हणाली. ‘‘सरू दे अजून थोडं.’’